कांदा जास्त पिकला, तर पैसे कमी का?

२०२३ च्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास आम्ही निफाड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत व्याख्यानाला गेलो होतो. विषय अर्थातच रामन परिणाम. व्याख्यान संपले, टाळ्या झाल्या, आणि मुख्याध्यापकांनी "कुणाला काही शंका?" असे विचारले. अशा वेळी नेहमी पडते तशी शांतता पडली. मग नववीतली एक मुलगी उभी राहिली.

"सर, प्रकाशाचं नाही, दुसरं विचारू का? यंदा आमच्या वावरात कांदा मागच्या वर्षीपेक्षा जास्त निघाला. तरी पैसे कमी आले. वडील म्हणतात, कमी पिकला असता तर बरं झालं असतं. असं कसं होतं?"

त्याच आठवड्यात, २७ फेब्रुवारीला, लासलगावच्या बाजार समितीत शेतकऱ्यांनी कांद्याचे लिलाव बंद पाडले होते. प्रश्न पुस्तकातला नव्हता, घरातला होता. आम्ही "मागणी आणि पुरवठा" असे काहीतरी बोललो. मुलगी "हो सर" म्हणून खाली बसली, पण तिचे समाधान झाले नाही हे स्पष्ट दिसत होते. तिचे बरोबर होते. "फळ खाली का पडते?" याला "गुरुत्वाकर्षणामुळे" असे म्हटले की नाव सांगून होते, उत्तर सांगून होत नाही. 'मागणी आणि पुरवठा' हेही तसेच नाव आहे. तेव्हा न दिलेले उत्तर आता देण्याचा हा प्रयत्न. आम्ही अर्थशास्त्राचे अभ्यासक नाही. पण या प्रश्नाला लागणारे गणित नववीच्या पुढचे नाही, आणि ते नाशिक जिल्ह्यातल्या हजारो घरांच्या जमाखर्चाशी थेट जोडलेले आहे.

पोटाला मर्यादा असते

चार-पाच माणसांचे एक घर घेऊ. तिथे महिन्याला पाच किलो कांदा लागतो असे समजू. भाव वीस रुपये किलो असताना खर्च शंभर रुपये. उद्या भाव दहा रुपये झाला, तर हे घर दहा किलो कांदा खाईल का? नाही. फार तर एखादे दिवशी भजी होतील, कोशिंबिरीत हात सैल सुटेल. पाचाचे साडेपाच किलो होतील. उलट भाव चाळीस झाला, तरी फोडणीला कांदा लागतोच. पाचाचे साडेचार किलो होतील. म्हणजे भाव निम्मा होवो की दुप्पट, खप जेमतेम दहा टक्क्यांनी हलतो.

आता हेच वाक्य उलटे वाचू. खप दहा टक्क्यांनी हलवायचा असेल, तर भाव निम्मा किंवा दुप्पट व्हावा लागतो. आणि बाजारात दहा टक्के जादा कांदा आला, की नेमके हेच करावे लागते. तो जादा कांदा कुणीतरी खायला हवा, आणि लोकांनी तो खावा एवढा भाव पडेपर्यंत तो विकला जात नाही. अर्थशास्त्रात याला 'लवचीक नसलेली मागणी' म्हणतात. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना ताठ स्प्रिंग आठवेल: लांबी थोडीशी बदलायची, तरी बल पुष्कळ लावावे लागते.

हे निरीक्षण जुने आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीला इंग्लंडमध्ये ग्रेगरी किंग नावाच्या गृहस्थांनी धान्याचे पीक आणि धान्याचा भाव यांची सांगड घालणारे आकडे मांडले असे मानतात. चार्ल्स डॅव्हेनंट यांनी ते १६९९ मध्ये आपल्या ग्रंथात छापले. नेहमीच्या पिकापेक्षा दहा टक्के तूट आली तर भाव ३० टक्के चढतो, वीस टक्के तुटीला ८० टक्के, तीस टक्के तुटीला १६० टक्के, चाळीसला २८० टक्के आणि निम्मे पीक गेले तर ४५० टक्के. आकडे त्या काळच्या इंग्लंडमधल्या धान्याचे आहेत. कांद्याला ते जसेच्या तसे लावू नयेत. पण त्यांवरून केलेला गुणाकार फळ्यावर मांडण्यासारखा आहे. नेहमीचे पीक १०० क्विंटल आणि भाव क्विंटलला १००० रुपये धरू.

पीक १०० क्विंटल, भाव १०००, एकूण १,००,००० रुपये.
पीक ९० क्विंटल, भाव १३००, एकूण १,१७,००० रुपये.
पीक ८० क्विंटल, भाव १८००, एकूण १,४४,००० रुपये.
पीक ७० क्विंटल, भाव २६००, एकूण १,८२,००० रुपये.

पीक घटते तसे सगळ्यांचे मिळून उत्पन्न वाढते. हीच यादी खालून वर वाचली, की मुलीच्या वडिलांचे म्हणणे समोर येते: पीक ७० वरून १०० क्विंटल झाले आणि उत्पन्न जवळजवळ निम्मे झाले.

पण 'सगळ्यांचे मिळून' हे दोन शब्द इथे फार महत्त्वाचे आहेत. एकट्या शेतकऱ्याने कमी पिकवून भाव वाढत नाही. त्याचे फक्त नुकसान होते, कारण त्याच्या दोन ट्रॉल्यांनी देशातला पुरवठा हलत नाही. त्याच्या दृष्टीने जितके जास्त पिकेल तितके चांगले, हेच खरे. प्रत्येकाने आपल्या परीने बरोबर वागायचे आणि सगळ्यांचे मिळून नुकसान व्हायचे, असा हा पेच आहे. आणि टंचाईच्या वर्षी जो भाव चढतो, तोही पीक हाती आलेल्यालाच मिळतो. अवकाळी पावसात ज्याचे रोप सडले, त्याला वर्तमानपत्रातला चढा भाव वाचण्याखेरीज त्याचा उपयोग नसतो.

शहरातल्या वीस रुपयांचे काय होते?

भाव पडला की शहरातला ग्राहक म्हणतो, "आम्हाला कुठे स्वस्त मिळाला? पाचच रुपये उतरला." तिकडे शेतकरी म्हणतो, "आमची माती झाली." दोघेही खरे बोलत असतात, आणि त्यासाठी कुणी मधल्या मध्ये लबाडी केलीच पाहिजे असे नाही.

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासनिबंधात ग्राहकाने कांद्यावर खर्च केलेल्या रुपयातला शेतकऱ्याचा वाटा सुमारे ३६ टक्के काढला आहे. वीस रुपये किलोच्या कांद्यात शेतकऱ्याचे झाले सात रुपये वीस पैसे. उरलेले बारा रुपये ऐंशी पैसे निवडाई, गोणी, हमाली, ट्रकचे भाडे, वाटेतली नासाडी, घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांचा नफा यांचे. यातला बराच भाग किलोमागे ठरलेला असतो. दिल्लीपर्यंतचे भाडे कांदा महाग की स्वस्त हे पाहून बदलत नाही. समजण्यासाठी तो सगळाच ठरलेला धरू. आता शहरात भाव वीसचा पंधरा झाला, म्हणजे २५ टक्के उतरला. मधले बारा रुपये ऐंशी पैसे तसेच. शेतकऱ्याच्या हाती दोन रुपये वीस पैसे. त्याचा भाव जवळजवळ ७० टक्क्यांनी कोसळला! आधीच ताठ असलेल्या स्प्रिंगचा सगळा झटका साखळीच्या एकाच टोकाला बसतो.

२०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १०६४ रुपये मिळाले आणि त्याने ती रक्कम पंतप्रधानांना मनिऑर्डरने पाठवून दिली, ही बातमी अनेकांना आठवत असेल. किलोला एक रुपया बेचाळीस पैसे होतात. त्यानंतर वर्षभरातच, २०१९ च्या डिसेंबरात, अनेक शहरांत कांदा शंभर रुपये किलोच्या वर गेला होता.

नळ आणि गीझर

एका वर्षात एवढा झोका का? पाऊस हे एक कारण आहेच. दुसरे कारण मात्र बाजाराच्या रचनेतच आहे.

गच्चीवर गीझर आणि खाली न्हाणीघर अशी व्यवस्था असलेल्या घरात सकाळी काय होते ते पाहा. पाणी गार येते म्हणून आपण गरम पाण्याचा नळ वाढवतो. फरक पडत नाही, म्हणून आणखी वाढवतो. मग एकदम चटका बसतो आणि आपण नळ जवळजवळ बंद करतो. थोड्या वेळाने पुन्हा गार. नळात दोष नाही, आपल्यातही नाही. नळ फिरवणे आणि पाणी बदलणे यांत जो वेळ जातो, त्याचा हा खेळ आहे.

कांद्यात हा वेळ चार-पाच महिन्यांचा असतो. उळे टाकायचे, सहा-सात आठवड्यांनी रोप उपटून लागण करायची, मग तीन-चार महिन्यांनी काढणी. शेतकरी लागणीचा निर्णय घेतो तेव्हा त्याच्यासमोर आजचा भाव असतो, काढणीच्या वेळचा नव्हे. भाव चढा असला की उळ्याचाही भाव चढतो, एरवी मका किंवा हरभरा घेणाराही कांद्याकडे वळतो, आणि सगळ्यांचा कांदा एकदमच बाजारात उतरतो. भाव पडतो, पुढच्या हंगामात लागण कमी होते, भाव पुन्हा चढतो. आलेखावर ही ये-जा काढली तर कोळ्याच्या जाळ्यासारखी आकृती होते. निकोलस काल्डोर या अर्थशास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये तिला तेच नाव दिले. मागणी जितकी ताठ आणि लागणीतला बदल जितका मोठा, तितके हे झोके मावळण्याऐवजी वाढत जातात, हेही त्या आकृतीतून दाखवता येते.

शेतकरी मागच्या भावावर भुलतो असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. पण पुढचा भाव सांगणारे दुसरे साधन त्याच्याजवळ नसेल, तर आजच्या भावावर अंदाज बांधणे ही चूक म्हणता येत नाही.

त्यात सरकारी निर्णयांचे धक्के मिसळतात. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२-२३ मध्ये देशात सुमारे ३०२ लाख टन कांदा पिकला आणि सुमारे २५ लाख टन निर्यात झाला. निर्यात म्हणजे साधारण आठ टक्के. ऐकायला किरकोळ वाटते. पण हे आठ टक्के अचानक देशातच अडवले, तर वरच्या हिशेबाने भाव आठ टक्क्यांनी नव्हे, त्याच्या कितीतरी पट पडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर ही किमान निर्यात किंमत आली, ८ डिसेंबरला निर्यात पूर्ण बंद झाली. ४ मे २०२४ रोजी ती शुल्क आणि किमान किमतीच्या अटीवर उघडली, त्या सप्टेंबरात शुल्क २० टक्के झाले, आणि १ एप्रिल २०२५ पासून ते काढले गेले. हे निर्णय का होतात हेही समजण्यासारखे आहे. १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्ली विधानसभेत सत्ताधारी पक्ष हरला, त्यात कांद्याच्या भावाचा वाटा मोठा मानला जातो. ग्राहक सगळीकडे पसरलेला असतो आणि मत देतो. कांदा पिकवणारा मात्र थोड्या जिल्ह्यांत एकवटलेला. आमच्या मते यातला सर्वांत वाईट भाग निर्णयाची दिशा हा नसून त्याचा अवचितपणा हा आहे. उळे टाकून झाल्यावर नियम बदलला, तर शेतकरी काय बदलणार?

थांबण्याची ऐपत

इथपर्यंत वाचल्यावर कुणीही विचारील, की भाव पडल्यावर विकायचाच कशाला? ठेवावा आणि चढल्यावर विकावा. इथे कांद्याची जात आणि घरची तिजोरी, दोन्ही आड येतात.

नाशिक भागात कांद्याचे तीन हंगाम. खरिपाचा पोळ कांदा ऑक्टोबरपासून निघतो. त्यामागून जानेवारी ते मार्चमध्ये रांगडा. आणि मार्चअखेरीपासून मेपर्यंत उन्हाळ कांदा, जो देशाच्या वर्षभराच्या उत्पादनाचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग आहे. पोळ आणि रांगडा टिकत नाहीत. त्यांच्या माना जाड असतात, नीट सुकत नाहीत, त्यामुळे बुरशी आत शिरते. त्या मुलीच्या घरचा फेब्रुवारीतला कांदा रांगडा होता. तो ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. मिळेल त्या भावाला द्यायचा, किंवा वावरातच नांगर फिरवायचा.

उन्हाळ कांदा टिकतो. त्यासाठी बांधलेल्या चाळी नाशिकच्या रस्त्यांवरून जाताना दिसतात: जमिनीपासून उचललेल्या, बाजूंनी फटी असलेल्या, वर कौले किंवा पत्रे. पुणे-मुंबईची पाहुणे मंडळी त्यांना गोठे समजतात. फटींतून वारा खेळणे हे त्यांचे मर्म. कांदा काढल्यावरही जिवंत असतो. श्वसन करतो, त्यात साठवलेली साखर जळते, पाणी उडून जाते. पंचवीस ते तीस अंश सेल्सिअसला तो सुप्त राहतो, शून्याजवळच्या थंडीतही राहतो. पण दहा ते वीस अंशांत त्याला कोंब फुटतात. त्यात पावसाळ्याची दमट हवा आली की सड वाढते. चार-पाच महिन्यांत तीस-चाळीस टक्के घट ही चाळीतली नेहमीची गोष्ट आहे.

या घटीवर विज्ञानाने उपाय शोधला नाही असे नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये लासलगावला 'कृषक' हे विकिरण केंद्र उभारले. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची अगदी कमी मात्रा दिली की कांद्याच्या अंकुराच्या पेशींचे विभाजन थांबते, कोंब फुटत नाही. तंत्र उत्तम आहे. पण सड आणि वजनातली घट त्याने थांबत नाही, आणि वाहतूक, हाताळणी, नंतरची साठवण यांचा खर्च कांद्याच्या बेभरवशाच्या भावातून निघेलच याची खात्री नाही. २००७ पासून या केंद्राचे नाव अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यांसाठी जास्त ऐकू येते. आंब्याला तो खर्च परवडतो. प्रयोगशाळेत यशस्वी झालेले तंत्र शेतावर का पोचत नाही असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा हे उदाहरण द्यायला आमच्या फार उपयोगी पडते.

आता हिशेब. एप्रिलमध्ये १०० क्विंटल उन्हाळ कांदा आहे, भाव १००० रुपये. आज विकला तर एक लाख रुपये. सप्टेंबरपर्यंत ठेवायचा असेल, तर तेव्हा किती भाव मिळाला म्हणजे आजच्याइतकेच पदरात पडेल? घट तीस टक्के धरू. ७० क्विंटल उरतील. एक लाखाला ७० ने भागले, की १४२९ रुपये. म्हणजे भाव ४३ टक्के चढला तेव्हा कुठे बरोबरी. (तीस टक्के घट भरून काढायला तीस टक्के वाढ पुरते, असे बहुतेक विद्यार्थी सांगतात. टक्केवारी शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.)

पण हे पैसे पाच महिने अडकून पडले. बी-बियाणे, खते, मजुरी यांचे देणे द्यायचे आहे. ज्याला वर्षाला १२ टक्क्यांनी कर्ज मिळते, त्याचे पाच महिन्यांचे व्याज ५००० रुपये. चाळीतला कांदा पुन्हा निवडायची मजुरी वगैरे ३००० धरू. १,०८,००० भागिले ७०, म्हणजे १५४३ रुपये. ज्याला बँक दारात उभे करत नाही आणि जो सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिन्याने पैसे उचलतो, त्याचे पाच महिन्यांचे व्याज १५,०००. त्याला १६८६ रुपये भाव लागेल. आणि ज्याच्याकडे नीट चाळही नाही, झाडाखाली पाचट घालून ज्याने कांदा ठेवला, त्याची घट ४५ टक्के धरली तर तो आकडा २१४५ वर जातो.

कांदा एकच, बाजार एकच, सप्टेंबरचा भावही एकच. समजा तो १६०० निघाला. पहिल्याने थांबून चार पैसे मिळवले, दुसरा आणि तिसरा थांबून बुडाले. म्हणून दुसरा आणि तिसरा थांबतच नाहीत. मे महिन्यात, सगळ्यांच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना, मिळेल त्या भावाला देऊन मोकळे होतात. जूनमध्ये शाळा सुरू होते, वह्या-पुस्तके घ्यायची असतात, पीककर्ज मुदतीत फेडले तरच व्याजाची सवलत मिळते. गरिबाच्या दारात भाव चढेपर्यंत थांबायला जागाच नसते.

सोयाबीन, तूर, हळद, बेदाणा यांसारखा माल गोदामात तारण ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची योजना राज्याचे कृषी पणन मंडळ १९९० पासून राबवत आहे. विकण्याची घाई टळावी हाच तिचा हेतू. कांद्याच्या बाबतीत अडचण अशी, की तारण ठेवलेली वस्तूच दर महिन्याला घटत जाते. सोने तारण ठेवले तर सहा महिन्यांनीही ते तेवढेच असते. चाळीतला कांदा ही ठेव आहे खरी, पण व्याज देण्याऐवजी मुद्दल खाणारी.

सरासरीवर घर चालत नाही

शेवटचा हिशेब घरखर्चाचा, आणि तो शिक्षकांनी स्वतःच्या पगाराशेजारी ठेवून पाहावा असा आहे.

एका घराचे कांद्याचे पाच वर्षांचे निव्वळ उत्पन्न ६०, ४०, ७०, ११० आणि २२० हजार रुपये असे धरू. बेरीज पाच लाख, सरासरी वर्षाला एक लाख. घरखर्चही वर्षाला एक लाखच. कागदावर सगळे जुळते. पण पहिल्या वर्षाअखेर घर ४० हजारांनी मागे पडते, दुसऱ्या वर्षाअखेर एक लाखाने, तिसऱ्या वर्षाअखेर एक लाख तीस हजारांनी. चौथ्या वर्षी दहा हजार फिटतात आणि पाचव्या वर्षी एकदम सगळे कर्ज. निदान व्याज नसते तर फिटले असते! दरसाल १२ टक्के व्याज धरून हाच हिशेब केला, तर पाचव्या वर्षाअखेर सुमारे ५३,७०० रुपये देणे शिल्लक राहते. हीच वर्षे उलट्या क्रमाने आली असती, म्हणजे २२० हजारांचे वर्ष पहिले, तर एक रुपयाचे कर्ज काढावे लागले नसते. आकडे तेच, सरासरी तीच. फक्त क्रम बदलला.

दरमहा पगार घेणाऱ्याला हा क्रमाचा धोका नसतो. त्याच्या उत्पन्नाचा आलेख सरळ रेषा आहे, म्हणून बँक त्याला घरासाठी वीस वर्षांचे कर्ज देते. त्याच सरासरी उत्पन्नाच्या शेतकऱ्याला ती तसे देत नाही. म्हणजे ज्याला थांबण्याची गरज कमी, त्याला थांबण्याचे साधन अधिक. चढ-उताराचे उत्पन्न असलेल्या घराने चांगल्या वर्षाचे पैसे खर्चाच्या वाटेला न लावता बाजूला ठेवावेत हा सल्ला बरोबरच आहे. पण चांगले वर्ष पाचवे आले तर तो पैसा आधीच्या चार वर्षांच्या देण्यात गेलेला असतो. ट्रॅक्टर घेतला, लग्नात उधळला, असे बोलण्याआधी ते चांगले वर्ष कितवे होते हे विचारावे.

कांदा महाग झाल्यावर होणाऱ्या आरडाओरड्याचेही माप याच पद्धतीने घेता येते. पाच किलोच्या घराला वीसचा भाव ऐंशी झाला तर महिन्याला तीनशे रुपये जादा लागतात. पगारदाराला ते टोचतात, बुडवत नाहीत. २०१२ पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा भार शंभरात ०.६४ एवढाच होता. रोजंदारीवर जगणाऱ्या घराचे मात्र वेगळे आहे. घर जितके गरीब तितका त्याच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा, हे एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये दाखवले. आणि नाशिक जिल्ह्यात हे रोजंदारीचे घर पुष्कळदा कांद्याची लागण आणि काढणी करणाऱ्या मजुराचेच असते.

वर्गात करायचे असेल तर दोन गोष्टी सोप्या आहेत. वर्तमानपत्रात लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, मनमाड इथले कांद्याचे किमान, कमाल आणि सरासरी भाव छापून येतात. ते वर्षभर आलेखावर मांडावेत, आणि विद्यार्थ्यांच्या घरच्या हिशोबपट्ट्यांवरचा भाव त्याच आलेखावर वेगळ्या रंगाच्या ठिपक्यांनी दाखवावा. गोल्टी आणि खाद वेगळी काढल्यावर, हमाली-तोलाई वजा जाता, ठिपके छापलेल्या सरासरीच्या किती खाली पडतात ते दिसेल. पट्टीवरचे नाव आधी झाकून घ्यावे; कुणाच्या घरचे उत्पन्न वर्गात वाचले जाऊ नये.

दुसरी गोष्ट वजनाची. एप्रिलमध्ये, पात कापून आठवडाभर सावलीत सुकवलेला पन्नास किलो उन्हाळ कांदा जाळीच्या गोणीत भरून शाळेच्या व्हरांड्यात वारा लागेल असा टांगावा. दर शनिवारी त्याचे वजन करावे, सडलेले आणि कोंब फुटलेले कांदे काढून वेगळे तोलावेत, आणि त्या दिवसाचा भाव शेजारी लिहावा. वजन गुणिले भाव हा तिसरा रकाना. सुट्टीतले शनिवार शिपाईमामांना सांगून ठेवावे लागतील.